मुगातले भुंगे आणि गोदामाची खिडकी

मंगरूळपीरच्या बाजारात एखादा जुना माणूस भेटला तर तो अजूनही सांगतो, की माझ्या मुगातून शेठजींच्या मुगाला कीड लागली, म्हणून शेठजींनी मला गोदामाच्या अंधाऱ्या अर्ध्यात ढकललं आणि मी मुकाट्यानं गेलो. यातलं एक अक्षर खरं नाही. कीड माझी नव्हती, मला कोणी ढकललं नाही, आणि मुकाट्यानं तर मी आजवर सासुरवाडीलासुद्धा गेलो नाही. अर्ध्या आयुष्यात हे मी शंभर जणांना तोंडी सांगून पाहिलं. आता लिहून ठेवतो.

मी कामरगावचा. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा मी शाळकरी होतो. बाप दुसऱ्याच्या वावरात राबायचा. मी सायकल घेतली आणि गावोगाव फिरून व्यापाऱ्यांसाठी दारातला कापूस घ्यायला लागलो. चांगलं चाललं होतं, पण सत्तरनंतर कापसाची खरेदी सरकारनं आपल्या हाती घेतली आणि माझ्यासारख्या फुटकळ माणसाचं काम संपलं. मग मी मुगाकडं वळलो. मूग लवकर निघतो, शेतकऱ्याला सणासुदीला पैसा लागतो, आणि मोठे व्यापारी दारोदार जात नाहीत. धनजपासून मंगरूळपर्यंतच्या खेड्यांत मी बायांशी घासाघीस करून मूग घेत असे. घरच्या मुगाचा भाव बाईच ठरवते, हे मोठ्या व्यापाऱ्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

पण माल ठेवायला जागा नव्हती. बाजारात गोदामं होती, मला देणारा नव्हता. कोणी म्हणे भरलंय, कोणी म्हणे भावाला विचारून सांगतो. भाऊ कधी भेटत नसे. शेवटी एका शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी मला त्यांच्या गोदामाचा अर्धा भाग दिला. नवरा वारलेला, मुलं नव्हती. भाड्यावरून आमची एवढी ताणाताणी झाली की त्यांनी केलेला चहा दोनदा गरम करावा लागला. बाई म्हणाल्या, "तुझ्यासारखी मुलं वर्गात असती तर मी नोकरी लवकर सोडली असती." पण जागा दिली. आडनाव विचारलं नाही, हे मी तेव्हाही पाहिलं होतं.

गोदाम लांबोळकं होतं. वर पत्रा, रस्त्याच्या बाजूनं दोन दारं, आणि पार पूर्वेच्या टोकाला उंचावर एक गजांची खिडकी. खिडकीकडचा अर्धा भाग बाजारातल्या एका जुन्या धान्य-व्यापाऱ्याकडे, म्हणजे शेठजींकडे, बाईंच्या नवऱ्याच्या वेळेपासून होता. दुसरा, बिनखिडकीचा, माझा. मधे भिंत नव्हती. जमिनीवर चुन्याची एक रेघ तेवढी होती.

दसऱ्यानंतर मी माझा नवा मूग आत लावला. शेठजींकडे तेव्हा गेल्या सालचा मूग थप्पीला होता. भाव वाढेल म्हणून त्यांनी तो वर्षभर धरून ठेवला होता. दिवाळी उलटून गेली न गेली तोच त्यांची खिडकी काळी झाली. गजांवर, चौकटीवर, खालच्या भिंतीवर भुंगेच भुंगे. कडधान्यातला हा भुंगा प्रत्येक घरात माहीत असतो. मादी दाण्यावर पांढरं ठिपक्याएवढं अंडं चिकटवते, अळी दाण्याच्या आत राहून खाते, आणि दाण्याला गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो.

शेठजींनी बाईंना बोलावून आणलं आणि खिडकी दाखवली.

"बाई, हा यायच्या आधी इथं एक भुंगा दिसला असन तर सांगा. मी चांगल्या घरचा माल घेतो. हा कोनाकोनाच्या घरून उचलून आनते, कोन जाने. मालाले बी जातीचा गुन असते."

मी पोतं शिवत होतो. हातातलं दाभण मी थप्पीत खुपसलं.

"शेठजी, मालाची जात काढता का मानसाची, ते आधी सांगा."

"अरे, मी मुगाचं बोलून राह्यलो."

"मंग मुगाकडं पाहून बोला. माह्याकडं काहून पाहता?"

"पाहा बाई, पाहा. असा तापते हा. याच्या संगं कसं राहावं मानसानं?"

पुढं मी जे बोललो ते लिहीत नाही. बाईंनी दोघांनाही वर्गातल्यासारखं गप्प केलं आणि मला म्हणाल्या, "संक्रांतीपर्यंत थांबते. तोवर कीड कुणाची ते कळलं तर ठीक. नाहीतर तू दुसरी जागा पाहा."

"मीच काहून? ते काहून नाई?"

"ते आधीपासून आहेत."

हे कारण मी जन्मापासून ऐकत आलो होतो. दुसरी जागा मिळणार नव्हती, हे मला ठाऊक होतं आणि शेठजींनाही. कीडवाला म्हणून एकदा निघालो असतो तर बाजारात कोणी मला ओसरीसुद्धा दिली नसती. पुन्हा सायकल, पुन्हा दुसऱ्यासाठी दारोदार. सगळं त्या चुन्याच्या रेघेच्या अलीकडच्या जागेवर अडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी माझी पोती एक एक करून अंगणात ताडपत्रीवर ओतली. खोटं बोलत नाही, दोनचार पोत्यांत भुंगे होते. वावरातून आलेल्या मुगात थोडे असतातच. पण ते उडेनात. ऊन लागताच मुगाच्या ढिगात शिरायचे, नाहीतर ताडपत्रीच्या घडीखाली दडायचे. जाडसर, भुरकट, आळशी. मग मी शेठजींच्या खिडकीखालचा केर पुडीत घेऊन आलो आणि शेजारी सोडला. त्यातले भुंगे काळपट आणि चपळ होते. पुडी उघडताच निम्मे उडून पांढऱ्या भिंतीवर, ऊन होतं तिथं, जाऊन बसले.

मला वाटलं, सापडलं. ही दोन वेगळी खानदानं आहेत. एक अंधाराचं, एक उजेडाचं. माझं खानदान खिडकीकडं जाणारच नाही, तर खिडकीवर जे आहेत ते माझे कसे?

पण एवढ्यानं शेठजी ऐकणार नव्हते. सौद्यात समोरचा जे मानायला तयार नसतो ते त्याच्या हातात द्यावं लागतं. म्हणून मी घरी दोन बरण्या घेतल्या. दोन्हींत चांगला, निवडलेला, मोकळा मूग भरला. एकीत माझ्या पोत्यांतले थोडे भुंगे सोडले, दुसरीत खिडकीवरचे. तोंडाला फडकं बांधलं आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवल्या, थंडीत ऊब लागावी म्हणून.

बायको म्हणाली, "घरात मानसाले मूग मोजून शिजवता, अन् किड्याले बरनी भरून?"

"कामाचं हाय ते."

"काय काम? त्याईचं लगन लावता का?"

मी सांगितलं, की शेठजींच्या भुंग्यांचं रक्तच वेगळं आहे, ते बापजाद्यापासून उजेडाकडं पळणारे आहेत, आणि त्यांची पोरंही तशीच निघतील, हे मला दाखवून द्यायचं आहे. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "म्हंजे आता तुमीबी खानदान काढून राह्यले?"

त्या दिवशी मी जेवलो नाही. तिच्यावर चिडलो होतो. बरण्यांची फडकी तेवढी पुन्हा घट्ट बांधली.

बरणीतली नवी पिढी निघाली. मी बरण्या आडव्या केल्या, निम्म्या भागाला काळं फडकं गुंडाळलं आणि दारात उजेडात ठेवल्या. माझे भुंगे काळ्या फडक्याच्या बाजूला गेले, हे ठरल्याप्रमाणं. पण शेठजींच्या भुंग्यांची पोरं काही केल्या सगळी उजेडाकडं येईनात. काही आली, काही तर माझ्या भुंग्यांसारखीच अंधारात जाऊन बसली. आईबाप भिंतीवर उडत होते आणि पोरं मुगाखाली! मी बरणी उलटीपालटी करून पाहिली, फडकं दुसऱ्या बाजूला बांधून पाहिलं. तेच. माझं खानदानाचं गणित निम्मंच बरोबर निघालं होतं, आणि निम्म्या बरोबर गणितावर सौदा होत नाही.

बायको बरण्यांकडं पाहून म्हणाली, "मोकळं घर भेटलं तर उडून कायले जातीन?"

मी बरण्या उचलून परत फळीवर ठेवल्या.

संक्रांतीच्या आधी बाईंनी शेतकी खात्याच्या एका साहेबांना बोलावलं. अकोल्याला शिकून आलेला पोरसवदा माणूस होता, शर्टाला इस्त्री, पण पोत्यात हात घालायला लाजला नाही. बाईंच्या ओसरीवर आम्ही सगळे बसलो. मी दोन्ही बरण्या मांडल्या. दुसऱ्या बरणीतली अडचण लपवावी असं एकदा मनात आलं, पण साहेब हातात भिंग घेऊन बसले होते. मी जे दिसलं ते सगळं सांगितलं.

शेठजी लगेच म्हणाले, "पाहा! त्याच्याच बरनीत माहे भुंगे त्याच्यासारखे झाले. म्हंजे एकच हाय सारे. त्याचेच."

"एकच आहेत हे खरं," साहेब म्हणाले. "दोन्हीकडं एकाच जातीचा भुंगा आहे."

शेठजींनी बाईंकडं पाहिलं. मी उठून उभा राहिलो. बाई म्हणाल्या, "बस. त्यांचं संपलेलं नाही."

साहेबांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो. या भुंग्याची दोन रूपं असतात. एक जागचं न हलणारं, अंधार धरून राहणारं. दुसरं उडणारं, उजेडाकडं धाव घेणारं. कोणतं निघेल, हे थोडं रक्तावर असतं. काही बेणं पटकन उडती पोरं देतं, काही देत नाही. आज त्याला जनुकं म्हणतात, तेव्हा साहेबांनी आनुवंशिक म्हटलं होतं. पण नुसतं रक्त पुरत नाही. अळ्या वाढताना एका दाण्यात किती जणी होत्या, पोतं किती तापलं होतं, अंधारात वाढल्या की उजेडात, यावरही ते ठरतं. पोत्यात गर्दी झाली, दाणे संपत आले, पोतं आतून गरम झालं, की त्याच बेण्यातून उडणारे निघतात आणि खिडकी शोधतात. दुसरीकडं नवा मूग मिळावा म्हणून. मोकळ्या मुगात त्यांची पोरं पुन्हा शांत होतात, सगळी नाही, पण बरीच.

मोकळ्या घराचं बायकोनं बरण्या पाहून जे म्हटलं होतं तेच हे होतं. पण मला तेव्हा दुसरंच सुचलं, आणि ते सुचल्यावर मी खाली बसलो. मी तापलो की लोकांना वाटतं याचं डोकं गेलं. माझं डोकं त्यानंतरच चालायला लागतं.

"साहेब, अशी गर्दी व्हायला किती पिढ्या लागतात?"

"बऱ्याच. एका पिढीत होत नाही."

"अन् एका पिढीला?"

"गरमीत महिनाभर. थंडीत जास्त."

"माहा मूग या गोदामात दसऱ्यानंतर आला. वावरातून काढलेला, नवा. दिवाळी झाली अन् खिडकी काळी झाली. एवढ्या दिवसांत माह्या पोत्यातून उडनारे निघतीन?"

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. शेठजींकडं न पाहता म्हणाले, "नाही निघणार."

"अन् गेल्या सालच्या मुगातून?"

"त्यातून निघतील."

शेठजी म्हणाले, "चहा घ्या साहेब, गार होऊन राह्यला."

बाईंना समजलं होतं. त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "कीड तुझी नाही. तू राहा." ओसरीवर साहेब, शेठजी, मी आणि बाई, एवढेच होतो. बाजारातला एकही माणूस तिथं नव्हता. याचं मोल मला पुढं कळलं.

साहेब गेल्यावर बाई न्यायाला बसल्या. शाळेतली सवय. म्हणाल्या, मधे भिंत घालायची म्हणजे पुन्हा हा तंटा नको. आणि ज्याच्यावर खोटा आळ आला त्याला काहीतरी मिळालं पाहिजे, म्हणून खिडकीकडची बाजू आता याला. शेठजींनी अंधाऱ्या बाजूला जावं.

बाईंचा न्याय चोख होता आणि त्यानं माझं वाटोळं झालं असतं. शेठजींच्या थप्पीतला मूग विकला तरी बेणं त्यांच्या पोत्यांत, फटींत, पत्र्याखाली राहणारच. शेठजी पुन्हा माल धरून ठेवणार, गर्दी होणार, भुंगे उडणार, आणि उडाले की उजेडाकडं जाणार. भिंत पत्र्यापर्यंत कधी पोचत नसते, वर फट राहतेच. अंधाऱ्या बाजूचे भुंगे त्या फटीतून माझ्या खिडकीकडं आले असते. मला अंधारच हवा होता.

आता हे सरळ म्हणावं, तर समोर शेठजी बसलेले. चाळीस वर्षं धान्यात घालवलेला माणूस. मी खिडकी नको म्हणालो असतो तर त्यांनी लगेच का म्हणून विचार केला असता आणि अंधारासाठी हट्ट धरला असता. म्हणून मी माझ्याजवळचं एक हत्यार काढलं, जे सगळ्यांना माहीत होतं. मी चढलो.

"खिडकी माहीच! आजच पाहिजे! उद्या सकाळी तुमची पोती रस्त्यावर दिसतीन शेठजी!"

"असा कसा? खिडकी माह्याकडे बाईच्या मालकाच्या टायमापासून हाय!"

"होती. आता गेली. गिऱ्हाइकाले उजेडात माल दाखवाले मजा येत होती, नाई? आता मी दाखवतो. तुमी बसा अंधारात."

"बाई, याले काही सांगा."

"मी ठरवलंय," बाई म्हणाल्या.

शेठजी घामाघूम झाले. खिडकी गेली म्हणजे बाजारात नाक गेलं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. म्हणाले, भिंत माझ्या खर्चानं बांधतो. मी म्हणालो, नाही. म्हणाले, भिंतीला गिलावा पण करतो. मी म्हणालो, खिडकी. शेवटी म्हणाले, तुझं दार मोडकळीला आलंय, नवं सागवानी लावून देतो, पण खिडकी राहू दे. मी बाईंकडं पाहिलं, मग जमिनीकडं, मग एक मोठा श्वास सोडला आणि म्हणालो, "बाईचा मान ठेवतो म्हनून. नाहीतर सोडली नसती."

शेठजी आनंदानं निघून गेले. बाईंनी बरण्या माझ्या हातात दिल्या. म्हणाल्या, "तुला खिडकी नको होती."

"नाई."

"मग आता मी लोकांना काय सांगू?"

"काही नका सांगू," मी म्हणालो. "शेठजीले कळलं तर भिंत राहून जाईन."

बाईंनी शब्द पाळला. वारल्या तेव्हापर्यंत कोणाला सांगितलं नाही.

भिंत झाली, गिलावा झाला, दार आलं. पुढच्या हंगामात शेठजींची खिडकी पुन्हा काळी झाली आणि माझ्या बाजूला एकही उडता भुंगा आला नाही. मी पोती कधी गर्दीनं लावली नाहीत, आतून कोमट लागलेलं पोतं त्याच दिवशी उन्हात काढलं, आणि मूग दिवाळीच्या आत विकून मोकळा झालो. धंदा वाढला. पुढं मी तूर घेतली, उडीद घेतला, स्वतःचं गोदाम बांधलं. ते या गोष्टीत येत नाही.

पण बाजारानं पाहिलं ते एवढंच, की मी खिडकीसाठी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो आणि शेवटी अंधारात गेलो. म्हणजे हरलो. म्हणजे कीड माझीच होती. शेठजींनी वेगळं काही सांगायची गरजच पडली नाही. ते नुसते खिडकीखाली गादीवर बसायचे. मी खरं सांगायला जावं, तर आधी सौद्यातली युक्ती सांगावी लागे, आणि युक्ती सांगणाऱ्या व्यापाऱ्याशी पुढचा सौदा कोण करतो? भिंत पक्की होईपर्यंत मी गप्प राहिलो. तोवर गोष्ट सगळीकडं पोचली होती.

त्याच साली धनजची एक म्हातारी बाई डोक्यावर मुगाचं गाठोडं घेऊन आली. तिच्या घरचा मूग मी कित्येक वर्षं दारातून घेतला होता. माझ्या दारात थांबून तिनं आत वाकून पाहिलं.

"इकडं अंधार हाय बाप्पा."

"मूग बाहेर उन्हात पाहू, माय. मी मोजतो ना."

"तुमाले शेठनं इकडं टाकलं म्हनते?"

"कोनी नाई टाकलं. खिडकी देत होते मले. मीच नाई घेतली."

ती हसली.

"भेटलेली खिडकी कोनी सोडते का, बाबू?" असं म्हणून तिनं गाठोडं सावरलं आणि पलीकडं शेठजींच्या दारात गेली.